चारही बक्षिसांची सासू

नागपूरहून बक्षीस घेऊन मी एस.टी.त बसले तेव्हा ट्रॉफी मांडीवर धरली होती, कारण ती बॅगेत मावेना. काचेची, हातभर उंच, वर पंख पसरलेली बाई. उमरेड मागे पडलं तशी शेजारच्या सीटवरची बाई मला निरखू लागली. मग म्हणाली, "तुमी नाटकातल्या सासू ना वो?"

मी हो म्हटलं. पदर नीट केला, जरा सावरून बसले. मला वाटलं, आता ही फोटो मागणार. ती उठली, मांडीवरच्या नातीला काखेत मारलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. जाता जाता म्हणाली, "सुनेले एवढं छळू नये बाप्पा. वरतं देव पाहून राह्यला."

नागभीड येईपर्यंत मी एकटीच हसत होते.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखात, दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम लागतो तो थेट होळीपर्यंत. कंपनीच्या गाडीत पडदे, दिवे, पेटी आणि आम्ही, असं सगळं एकत्र कोंबून आज या गावी तर उद्या त्या गावी. या रंगभूमीवर पंचवीसेक वर्षं मी दुष्ट सासूचं काम करते आहे. आमच्याकडे मानाची बक्षिसं चार. वडशाचं, ब्रह्मपुरीचं, चंद्रपूरचं आणि नागपूरचं. एखाद्याला एक मिळतं, नशीबवानाला दोन. मला नागपूरचं मिळालं आणि चारही झाली. लगेच एक तरुण बातमीदार मोटरसायकलवर आमच्या गावी आला. सिंदेवाहीपासून आमचं गाव तसं जवळच, पण रस्ता असा की त्याचं पेन खिशातून उडून गेलं होतं. माझंच पेन घेऊन त्यानं विचारलं, "बाई, चारही पुरस्कार झाले. आता काय मिळवायचं राहिलं?"

मी म्हटलं, "पोरासाठी पोरगी."

त्यानं ते काही छापलं नाही. 'आता रसिकांचं प्रेम हवं' असं मी म्हणाल्याचं छापून आलं.

खरं सांगायचं तर बक्षिसांबद्दलचं माझं मत रोज बदलतं. सकाळी झाडू मारताना शोकेसकडे पाहिलं की छाती फुगते, आणि दुपारी त्याच शोकेसवरची धूळ पुसताना वाटतं, काय करायचंय या काचा घेऊन. एके काळी एकच बक्षीस होतं तेव्हा ते ज्याला मिळायचं त्याला अख्खी झाडी ओळखायची. आता पावसाळ्यात जंगलात सात्यांच्या, म्हणजे अळंब्यांच्या, छत्र्या उगवतात तसे पुरस्कार उगवतात. कधी कधी घेणारे कमी आणि देणारे जास्त. एका समारंभात तर मला शाल देणाऱ्यानंच दुसऱ्या समारंभात माझ्याशेजारी बसून शाल घेतली. आमचे हे म्हणतात, "शाली ठेवाले पेटी घ्या लागते आता." पण म्हणून मी घ्यायला जात नाही असं नाही. नवी साडी नेसून जाते, पहिल्या रांगेत बसते आणि नाव पुकारायच्या आधीच अर्धी उठलेली असते.

आमचं जुनं बक्षीस वेगळं होतं. नाटक चालू असतानाच माइकवरून पुकारा व्हायचा, की अमुक गावच्या अमुक भाऊंकडून नायिकेला बक्षीस. नायिका तेव्हा मरत असली तरी उठायची, नमस्कार करायची आणि पुन्हा पडून मरायची. लोकांना त्यात काही वावगं वाटत नसे. पण सासूला कोण बक्षीस पुकारणार? सासूचं बक्षीस म्हणजे शिव्या. बायका बसल्या जागेवरून कडाकडा बोटं मोडतात. "मुडदा बशिवला तुहा" हे ज्या रात्री ऐकू आलं नाही त्या रात्री मला जेवण जात नसे. एकदा कुणीतरी चप्पल फेकली. चांगली नवी होती. मी घरी आणली, पण एकाच पायाची, काय उपयोग!

लोक विचारतात, हे काम शिकलात कोणाकडून. माझ्या सासूकडून तर नक्कीच नाही. ती गरीब गाय होती. मी नाटकाला निघाले की माझ्या पोराला तीच सांभाळायची, माझ्या डब्यात वडे भरायची आणि वेशीपर्यंत येऊन सांगायची, "आज चांगली छळजो वो सुनेले, लोकाइचं तिकीट वसूल झालं पाह्यजे." ती गेली तेव्हा मी दोन खेळ चुकवले. हंगामात चुकवलेले तेवढेच.

माझ्या ज्या प्रवेशाची सगळे तारीफ करतात तो मी कुठे शिकले नाही, तो घशानं शिकवला. नाटकात सून बाळंत होऊन माहेराहून परत येते. हातात पिशवी, कडेला लहानगी मुलगी. सासू दारात उभी. लेखकानं सासूला तिथे दीड पान भाषण दिलं होतं. मुलगीच काऊन झाली, तुझ्या बापानं काय दिलं, कुळ बुडवलं, वगैरे. एका रात्री थंडीनं माझा आवाज पार बसला. भाषण तर सोडा, हाक निघेना. आता काय करू? सून येऊन उभी राहिली. मी तिच्याकडे पाहिलं नाही, बाळाकडे पाहिलं नाही. तिच्या हातातली पिशवी घेतली, उघडली आणि आत पाहिलं. सावकाश पाहिलं. मग बाळाकडे पाहून, उरल्यासुरल्या घशानं म्हटलं, "बस? येवढंच?"

अख्खा शामियाना गप्प झाला आणि मग बायकांचा जो गलका उठला तो पेटीवाल्याला पेटी वाजवून शांत करावा लागला. त्या दिवसापासून दीड पान गेलं ते गेलं. चारही ठिकाणच्या परीक्षकांनी त्याच पिशवीसाठी मला बक्षीस दिलं, असं मला वाटतं.

पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. बक्षिसं वाढत गेली आणि माझ्या पोराची स्थळं कमी होत गेली.

पोरगा एस.टी.त कंडक्टर, गडचिरोली आगारात. दिसायला बापासारखा, स्वभावानं आजीवर गेलेला. विडी नाही, दारू नाही. अशा पोराला खरं तर मुलीचे बाप शोधत येतात. तसे ते आलेही. पण पोहे खाऊन गेले की निरोप यायचा, गुण जुळत नाहीत. पत्रिका न मागताच गुण कसे जुळत नाहीत हे मला कळेना. शेवटी एका गृहस्थानं माझ्या नणंदेला खरं सांगितलं. माझी ही मोठी नणंद चामोर्शीला दिली आहे, आणि लग्न जमवण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. ती आली तीच कपाळाला हात लावून.

"वहिनी, पोट्टा पसंत हाय त्याइले. घर पसंत हाय. तुमी पसंत नाई."

"मी? मी काय केलं?"

"तुमचं नाटक पाह्यलं ना त्याइनं."

"अवो बाई, नाटक हाय ते!"

"मी बी तेच म्हटलं. तं ते म्हणते, आडात असल्याशिवाय पोहऱ्यात येते का? एकानं बक्षीस देल्लं असतं तं म्हटलं असतं जाऊ द्या. चार गावच्या जाणत्या लोकाइनं सांगतलं का इच्यासारखी सासू दुसरी नाई. आता आणखी काय चौकशी कराची?"

मला आधी हसू आलं, मग विचार आला, माझ्यामुळे पोरगा बिनलग्नाचा राहणार की काय? मी त्या रात्री शोकेसला पडदा शिवायचं ठरवलं. आमचे हे म्हणाले, "पडद्यानं काय होते? नाटकवालीच्या घरी पडदा दिसला का लोकं तो उघडाची वाट पाह्यतेत." मग शिवला नाही.

अशात पोरगाच एका सुट्टीला आला आणि जेवताना ताटाकडे पाहत म्हणाला, "आई, एक सवारी हाय."

"कसली सवारी?"

"रोजची. चामोर्शी रोडवरची."

यांनी भाताचा घास थांबवून विचारलं, "पास हाय का तिच्यापाशी?"

मुलगी गडचिरोलीच्या दवाखान्यात नर्स होती. चामोर्शीकडच्या एका गावातून रोज याच्या गाडीनं यायची-जायची. सुट्टे पैसे कायम बरोबर असायचे, हेच म्हणे त्याला पहिल्यांदा आवडलं. मुलीचीही ना नव्हती. अडचण एकच, तिची आई. आईनं वडशाला माझं नाटक पाहिलं होतं आणि घरी येऊन सांगितलं होतं की पोरीला विहिरीत ढकलीन, पण त्या बाईच्या घरी देणार नाही.

माझ्या नणंदेनं मग कंबर कसली. तिनं त्या लोकांना आमच्या गावच्या मंडईचं आवतण दिलं. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्राच. दुपारी बाजार भरतो, घरोघरी पाहुणे, रात्री नाटक, आणि सकाळी चहाबरोबर सोयरिकी जुळतात. आमच्याकडची निम्मी लग्नं अशीच ठरतात. मंडईचं आवतण कोणी मोडत नाही. मुलीचे आईबाप आणि मुलगी येतो म्हणाले.

आणि मग आम्हाला कळलं की गावच्या मंडळानं यंदा नाटक ठरवलं होतं आमच्याच कंपनीचं. आजवर कधी मला गावात बोलावलं नाही. 'तुमाले तं रोजच पाह्यतो, तिकीट काढून काऊन पाह्यचं' म्हणायचे. चौथं बक्षीस मिळालं आणि मंडळाला माझा पुळका आला, तोही नेमका त्याच दिवशी.

मी कंपनीच्या मालकाकडे गेले. म्हटलं, "भाऊ, या एका खेळात मले सुनेच्या आईचा पार्ट द्या. गरीब, सोसणारी. सासू दुसऱ्या कोणाले द्या."

त्यांनी भिंतीवरचं पोस्टर दाखवलं. माझा डोळे वटारलेला चेहरा, आणि खाली लाल अक्षरात 'चारही पुरस्कारांची मानकरी सासू आपल्या गावात'. म्हणाले, "बाई, तुमाले गरीब आई केलं तं लोकं माह्यावर खुर्च्या फेकतीन."

तेव्हा नणंदेनं शेवटचा उपाय काढला. "वहिनी, आजच्या दिवस मवाळ खेळा. सासूच राहा, पण जरा मायाळू. कोणाले समजते?"

मी हो म्हटलं. पोराचा प्रश्न होता.

त्या रात्री पहिल्या अंकात मी जी काही सासू केली तशी सासू मिळावी म्हणून मुली सोळा सोमवार करतात. सुनेनं दूध सांडलं. माझं वाक्य होतं, "डोळे काय माहेरी ठेवून आलीस?" मी म्हटलं, "राहू दे बाई, दमली असशील." आतून प्रॉम्प्टरला वाटलं मी वाक्य विसरले. त्यानं "डोळे काय माहेरी ठेवून आलीस" असं दोनदा हळू आणि तिसऱ्यांदा इतकं मोठ्यानं सांगितलं की पुढच्या रांगेला ऐकू गेलं. सुनेचं काम करणारी पोरगी नागपूरची. ती रडायची तयारी करून उभी होती, तिला रडायला कारणच मिळेना. माझ्या जवळ येऊन पुटपुटली, "मावशी, ताप आहे का?" समोर बायकांनी शेंगा फोडायला सुरुवात केली. कोणाला किती धान झालं याच्या गप्पा सुरू झाल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "सासू बिमार हाय, बदलून द्या!"

पहिल्या रांगेत खुर्चीवर मुलीची आई बसली होती. शेजारी मुलगी, पलीकडे बाप आणि माझी नणंद. नणंद खुशीत होती. मुलीच्या आईनं मात्र एक मोठी जांभई दिली.

ती जांभई मला लागली. शिव्या पचतात, जांभई पचत नाही.

पुढच्या अंकात पिशवीचा प्रवेश आला. सून दारात उभी राहिली, कडेला कपड्यात गुंडाळलेली बाहुली, हातात पिशवी. मी मनाशी घोकत होते, ये बाई आत ये, बाळाला ओवाळते, असं म्हणायचं. पण माझा हात आपोआप पिशवीकडे गेला. मी ती उघडली. आत पाहिलं. समोरच्या शेंगा फोडायच्या थांबल्या, ते मला पाठमोरीलाही कळलं. त्या क्षणी पोराचं लग्न नाही, नणंद नाही, कंडक्टर नाही, काही आठवलं नाही. मला फार आनंद झाला, हे लपवून काय करू? मी बाळाकडे पाहिलं आणि म्हटलं, "बस? येवढंच?"

पहिल्या रांगेतून खुर्ची मागे पडल्याचा आवाज आला. मुलीची आई उभी राहिली होती. दोन्ही हातांची बोटं कपाळावर मोडत ती ओरडली, "मुडदा बशिवला तुहा, सटवे! तुह्या तोंडात किडे पडो!" तिच्यामागे शामियान्यातल्या सगळ्या बायका. मी माझ्या गावात, माझ्या लोकांसमोर, होणाऱ्या विहिणीच्या शिव्या खात उभी होते. एवढ्या शिव्या मला आजवर कुठल्याच गावात मिळाल्या नव्हत्या. मग शेवटपर्यंत मी कसली कसर ठेवली नाही.

सकाळी पोरगा अंगणात विनाकारण सायकलची चेन साफ करत होता. नणंद माझ्याशी बोलत नव्हती. हे चहा करता करता म्हणाले, "पोट्टी नाई देल्ली तं नाई देल्ली. नाटक जबरदस्त झालं." यावर पोराची चेन आणखी जोरात फिरली.

पाहुणे मुक्कामाला नणंदेच्या ओळखीच्या घरी होते. ते आले. मुलीची आई दारात थांबली, तिची नजर शोकेसवर गेली. चार ट्रॉफ्या आणि एक चप्पल. ती चप्पल मी शोकेसमध्येच ठेवली होती, ती काढायला हवी होती हे मला तेव्हा सुचलं. पोहे आले. मुलीच्या आईनं बशीला हात लावला नाही.

"मी साफ सांगतो," ती म्हणाली. आमच्याकडे बायकाही सांगतोच म्हणतात. "पोट्टा गुणाचा हाय. पण मी माही पोरगी डोळ्यानं पाहून विस्तवात नाई टाकत."

तेव्हा मुलगी बोलली. तोवर ती मान खाली घालून बसली होती, आता तिनं सरळ आईकडे पाहिलं. "आई, खरी सासू छळते तवा तिले कोणी ट्रॉफी देते का? देत असते तं आपल्या घरी ठेवाले जागा नसती."

मुलीचा बाप फस्सकन हसला. मग ही सासू म्हणजे आपली स्वतःचीच आई आहे हे लक्षात येऊन तो गप्प झाला आणि पोह्यांत मिरची शोधू लागला. हे हसले, पोरगा बाहेरून हसला, नणंदही अखेर हसली. मी तर चाटच पडले. चार समारंभांत किती भाषणं ऐकली, पण या बक्षिसांचा अर्थ कोणी इतका सोपा करून सांगितला नव्हता. माझं खोटं पक्कं खोटं आहे, याचा ती बक्षिसं दाखला होती.

मुलीची आई मात्र हसली नाही. ती उठली आणि म्हणाली, "बाई, जरा पाणी द्या मले." आणि माझ्यामागून स्वयंपाकघरात आली. पाण्याचा गडू हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"पिशवीचं तुमाले कोणं सांगतलं?"

"कोणत्या पिशवीचं?"

"कालच्या. पिशवीत पाह्यलं तुमी."

"कोणं नाई सांगतलं जी. माहा घसा बसला होता एक दिवस, तवा सुचलं."

ती चुलीकडे पाहत राहिली. म्हणाली, "मी ह्या पोरीले घेऊन माहेराहून आली तवा माही सासू अशीच दारात उभी होती. पोरीचं तोंड नाई पाह्यलं. पह्यले पिशवी उघडली. वडशाले तुमचं नाटक पाह्यलं तवा मले वाटलं का कोणं तरी तुमाले माहं घरचं सांगतलं." मग तिनं पाण्याचा एक घोट घेतला. "मी काल ज्या शिव्या देल्ल्या ना, त्या तुमाले नाई देल्ल्या. पंचवीस वर्सं झाले, पोटात होत्या. तिच्या तोंडावर कधी नाई काढता आल्या."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. एवढंच म्हटलं, "मंग आणखी असतीन तं द्या. मी हाय इथी."

ती खदखदून हसली, पहिल्यांदाच. इतकी की गडू हिंदकळून तिची साडी भिजली. बाहेर येऊन तिनं पोह्यांची बशी उचलली आणि नवऱ्याला म्हणाली, "आवाज द्या जवायले. चेन बम चकाकली असन आतावरी."

तिनं अट एकच घातली. पुढच्या मंडईला त्यांच्या गावात याच नाटकाचा खेळ झाला पाहिजे, आणि सासूचं काम मीच केलं पाहिजे. "माही सासू अजून धडधाकट हाय," ती म्हणाली. "तिले पह्यल्या खुर्चीवर बसवतो."

लग्न उन्हाळ्यात झालं. मांडवात वऱ्हाडातल्या बायका मला लांबून पाहत होत्या आणि नव्या सुनेची कीव करत होत्या. सून माझ्या ताटात पोळी वाढताना मुद्दाम हात थरथरवून दाखवायची आणि आम्ही दोघी हसायचो. असली नाटकी सून मिळाली मला.

पुढच्या मंडईला आम्ही त्यांच्या गावी गेलो. ठरल्याप्रमाणे म्हातारी पहिल्या खुर्चीवर, शाल पांघरून. एका बाजूला माझी सून, दुसऱ्या बाजूला विहीण. मी पिशवी उघडली तेव्हा माझं लक्ष म्हातारीकडे होतं, हे कबूल करते. विहीण माझ्याकडे पाहतच नव्हती, तीही म्हातारीकडेच पाहत होती. म्हातारीनं शिवी दिली नाही, काही बोलली नाही. नुसतं पाहिलं.

सकाळी चहाला बोलावणं आलं म्हणून गेले. म्हातारी उन्हात खाटेवर बसली होती. मला जवळ बसवून तिनं माझा हात हातात घेतला. कपबशी घेऊन विहीण तिथेच उभी होती.

"डिट्टो अशीच होती वो माही सासू," म्हातारी म्हणाली. "मी मोठी पोरगी घेऊन आली तवा माही पिशवी अशीच पाह्यली तिनं. मी लय रडली." मग तिनं मान वर करून आपल्या सुनेकडे पाहिलं. "मंग मी बी पाह्यली."

विहिणीनं खाली बसून म्हातारीच्या पायांवरून घसरलेली शाल सारखी केली आणि बशी तिच्या हातात दिली. म्हणाली, "चहा घ्या. थंडा होऊन राह्यला."